गोंदियातील घरमालक आणि निष्कासनाची जोखीम : विदर्भातील भाडेनियंत्रणाचे एक प्रकरण

घर भाड्याने देणारा मनुष्य दोन प्रश्न मनाशी ठेवून भाडेकरूची निवड करतो. हा मनुष्य भाडे वेळेवर देईल काय, हा पहिला. आणि प्रसंग पडल्यास तो घर सोडील काय, हा दुसरा. सामान्य काळात पहिला प्रश्न मोठा आणि दुसरा गौण असतो. विदर्भात १९४९ नंतरच्या अर्धशतकात हा क्रम उलटला. हा पालट कायद्याच्या कोणत्या रचनेतून घडला आणि त्याचा भार अखेर कोणावर पडला, याचा विचार गोंदिया शहराच्या संदर्भात करणे उद्बोधक आहे.

गोंदिया हे जुन्या राजधानीचे अथवा तीर्थाचे गाव नव्हे. त्याची वाढ प्रामुख्याने लोहमार्गाने घडविली. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूर-राजनांदगाव मार्ग झाला व पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथूनच निघाला आणि त्यानंतर दक्षिणेस चांद्याकडे जाणारी वाटही येथे येऊन मिळाली. भात, तेंदूपाने व विडी यांच्या व्यापारास असे चौफेर दळणवळण लाभल्याने भातगिरण्या उभ्या राहिल्या. व्यापारी, दलाल, रेल्वेचे नोकर, हमाल व कारागीर अशी माणसे बाहेरून आली. अशा गावात राहत्या घरापेक्षा किरायाचे घर आणि घरापेक्षाही दुकानाचा गाळा यांना मागणी अधिक असणे स्वाभाविकच होते. घरमालक व किरायेदार यांचा संबंध हा म्हणूनच या शहराच्या अर्थव्यवहारातील एक मूलभूत संबंध होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधकामाचे साहित्य दुर्मिळ झाले आणि शहरांतील वस्ती मात्र वाढत गेली. त्यापाठोपाठ फाळणीमुळे निर्वासितांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये घरे भाड्याने देण्याचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये घरे भाड्याने देण्याविषयीचा व भाडेनियंत्रणाचा आदेश काढला. रिकाम्या झालेल्या घराची वर्दी सरकारला देण्याचे बंधन या आदेशाने मालकावर घातले. असे घर सरकारी नोकरास अथवा निर्वासितास देण्याचा हुकूम करण्याचा अधिकारही त्याने अधिकाऱ्यांस दिला. टंचाईच्या काळातील या तरतुदींमागची दृष्टी स्पष्ट होती : घर ही केवळ मालमत्ता नसून निवारा आहे, आणि त्याच्या वाटपात सार्वजनिक हित गुंतलेले आहे.

या आदेशाचे मर्म त्याच्या तेराव्या कलमात होते. भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाने भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घेतली पाहिजे, असा हा नियम. परवानगीची कारणे मोजकी होती. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकणे, भाडे थकविण्याची सवयच असणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, भाडेकरूने दुसरी जागा मिळविणे, मालकास स्वतःच्या वापरासाठी घराची खरोखर गरज असणे, घर रिकामे झाल्यावाचून होऊ न शकणारी आवश्यक दुरुस्ती करावयाची असणे, ही त्यांतील प्रमुख होत. स्वतःच्या गरजेचे कारण सांगणाऱ्या मालकाच्या वापरात त्याच गावी त्याचे दुसरे घर नसावे, अशीही अट होती.

परवानगी मिळाली म्हणजे घर मिळाले, असे मात्र नव्हते. ती परवानगी केवळ नोटीस देण्याची होती. भाडेनियंत्रकाच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट अर्ज, ही एक वाट. ती संपल्यावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे नोटीस, दिवाणी दावा, त्यावरील अपिले व शेवटी हुकूमनाम्याची बजावणी, ही दुसरी वाट. महिनेवारी भाडेदारीची नोटीस किमान पंधरा दिवसांची व भाडेमहिन्याच्या अखेरीस संपणारी असावी लागे. या नियमाचा काच २००२ च्या दुरुस्तीने सैल झाला, तोवर तारखेच्या एका चुकीने दावा कोसळू शके. महसुली यंत्रणा आणि दिवाणी न्यायालय अशा दोन उंबरठ्यांवर एकच तंटा दोनदा मांडावा लागे, हे विदर्भाचे वैशिष्ट्य होय.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले; परंतु भाडेनियंत्रणाचे कायदे एक झाले नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानच्या प्रदेशाचा १९५४ चा कायदा आणि विदर्भात १९४९ चा आदेश, अशी तिहेरी व्यवस्था चार दशके चालू राहिली. पुण्याचा मालक कायद्यातील कारण दाखवून सरळ न्यायालयात दावा लावू शके. गोंदियाच्या मालकास आधी भाडेनियंत्रकाकडे जावे लागे. शेजारच्या बालाघाटात मध्य प्रदेशचा १९६१ चा कायदा आला. त्याच्या बाराव्या कलमातील कारणांवर तेथील मालकासही थेट दिवाणी दावा करता येऊ लागला. एका काळी एकाच प्रांतात असलेल्या या दोन गावांतील मालकांची जोखीम अशा रीतीने राज्याच्या सीमारेषेने निराळी केली.

या व्यवस्थेत मालकाने जोखीम कशी मोजावी? थकबाकीची जोखीम तुलनेने लहान होती. तिची रक्कम ठाऊक असे आणि कारवाई सुरू झाल्यावर बाकी भरून बचाव करण्याची सोय भाडेकरूस होती. म्हणजे घर नाही तरी पैसा पदरात पडे. खरी जोखीम काळाची होती. मुलाचे लग्न झाले, कुटुंब वाढले अथवा भिंत खचली, तर घर किती वर्षांनी हाती येईल याचा अंदाज बांधणे अशक्य होते. दुकानाच्या गाळ्याबाबत तिला वारशाचीही जोड मिळे. ग्यानदेवी आनंद प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीच्या कायद्याचा अर्थ लावताना, व्यापारी जागेची भाडेदारी वारसांकडे जाते असे ठरविले. म्हणजे आज केलेला करार पुढच्या पिढीलाही बांधणारा ठरे. शिवाय नियंत्रित भाडे आणि बाजारभाव यांतील अंतर वर्षागणिक वाढले की भाडेकरूस घर सोडण्याचे कारण उरत नसे व मालकास दुरुस्तीवर खर्च करण्याचे प्रयोजन उरत नसे.

जी जोखीम भाडेकरू आत आल्यावर कमी करता येत नाही, ती तो दाराशी असतानाच टाळावी लागते. हाच या इतिहासातील कळीचा मुद्दा होय. भाडेदारीऐवजी परवान्याचा करार करणे, नोंदणीची आवश्यकता टाळण्यासाठी त्याची मुदत अकरा महिन्यांची ठेवणे, भाड्याव्यतिरिक्त पागडी घेणे, नातेवाईक अथवा जातभाई यांनाच जागा देणे, बदलीची नोकरी असलेला भाडेकरू पसंत करणे आणि शेवटी खोलीस कुलूप लावून ठेवणे, हे सर्व मार्ग त्या एकाच हिशेबातून निघतात. त्यांतील प्रत्येकाचा फटका घरात बसलेल्या भाडेकरूस नव्हे, तर घर शोधणाऱ्या नवागतास बसतो. ओळख नाही, पागडीस पैसा नाही आणि जात-धर्म मालकाच्या पसंतीचा नाही, असा मनुष्य कायद्याच्या संरक्षणापर्यंत पोचतच नाही. निष्कासनाची जोखीम नाहीशी झाली नाही. ती घरातल्या माणसावरून घराबाहेरच्या माणसावर सरकली.

तथापि, यावरून भाडेनियंत्रणच अनावश्यक होते, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. ज्या काळी एका खोलीसाठी अनेक उमेदवार उभे होते, त्या काळी तेराव्या कलमावाचून हमाल वा कारकून यांचा संसार महिन्याच्या नोटिशीवर रस्त्यावर आला असता. दोष संरक्षण देण्यात नव्हता. टंचाईपुरता काढलेला आदेश टंचाईचे स्वरूप पालटल्यावरही तसाच ठेवण्यात आणि नवी घरे निर्माण करण्याचे कार्य त्याच्या जोडीने न करण्यात तो होता. मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मुंबई कायद्यातील भाडे गोठविणाऱ्या तरतुदींविषयी हेच सांगितले : आरंभी वाजवी असलेले बंधन काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर अकराच महिन्यांनी, ३१ मार्च २००० पासून, महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला व तिन्ही जुन्या व्यवस्था रद्द झाल्या. भाडेनियंत्रकाच्या पूर्वपरवानगीचा उंबरठा गेला. थकबाकीसाठी नव्वद दिवसांची नोटीस, भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ, कराराची सक्तीची नोंदणी आणि मुदत संपलेल्या निवासी परवानाधारकाकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा, अशी नवी चौकट आली. छप्पन्नाव्या कलमाने पागडीसही कायदेशीर मान्यता दिली. मात्र प्रलंबित प्रकरणे जुन्याच कायद्याने चालविण्याची तरतूद असल्याने १९४९ चा आदेश रद्द होऊनही न्यायालयांत दीर्घकाळ जिवंत राहिला.

या विषयाच्या अभ्यासकाने साधनांची एक मर्यादा ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. भाडेनियंत्रकाच्या दप्तरात अर्ज करणारा मालक व उत्तर देणारा भाडेकरू हे दोघेच भेटतात. ज्याला दारावरूनच परत पाठविले गेले, त्याचा अर्ज कोणत्याही दप्तरात नसतो. नव्या कायद्यातील अल्पमुदतीच्या परवान्याने मालकाची काळाची जोखीम पुष्कळ कमी केली. परंतु दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलविण्याची शक्यता परवानाधारकाच्या वाट्यास आली. १९४९ च्या व्यवस्थेत आतल्याला स्थैर्य व बाहेरच्याला बंद दार होते. १९९९ च्या व्यवस्थेत दार काहीसे उघडले, पण आतले स्थैर्य ओसरले. कोणत्याही भाडेनियंत्रणाचे मूल्यमापन करताना, त्याने जोखीम किती कमी केली यापेक्षा ती कोणाकडून काढून कोणाकडे दिली, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.