प्लेगची गाठ : पुणे, १८९७ आणि एक विकर

१/ बुधवार पेठेतील दगडूशेठ हलवाई गणपतीशी एक कथा जोडलेली आहे. दगडूशेठांचा मुलगा प्लेगने गेला आणि त्या दुःखातून हा गणपती उभा राहिला, असे सांगतात. स्थापनेचे वर्ष मात्र १८९३ मानले जाते, आणि मुंबईत प्लेगचे निदान झाले सप्टेंबर १८९६ मध्ये. सनावळी जुळत नाही. पण ही साथ पुण्याच्या स्मरणात किती खोल रुतली आहे, ते कळते. #धागा

२/ फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात प्लेग अधिकारी म्हणून आला. मार्चपासून गोरे सोजीर पेठापेठांतील घरांत शिरू लागले. शोध होता जांघेतील, काखेतील गाठीचा. अंग चाचपण्याच्या या पद्धतीने शहर संतापले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

३/ पण ही गाठ होते कशी? पिसू चावते तेव्हा जंतू त्वचेत उतरतो. त्याला जागीच कोंडण्यासाठी शरीर फायब्रिन या प्रथिनाचे जाळे विणते.

४/ जंतूच्या बाह्यावरणावर ‘प्ला’ नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. ते रक्तातील निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनला छेद देऊन त्याचे प्लाझ्मिन करते. प्लाझ्मिन हे गुठळ्या विरघळवणारे शरीराचे स्वतःचेच हत्यार. त्याला आवर घालणारे प्रथिनही ‘प्ला’ तोडते. जाळे विरते, जंतू जवळच्या लसीका ग्रंथीत पोहोचतो आणि ग्रंथी सुजते. पायाला चावा, तर गाठ जांघेत.

५/ १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे विकर नसलेला जंतू उंदरांच्या त्वचेखाली टोचला, तेव्हा मारक मात्रा सुमारे दहा लाख पटींनी वाढली. थेट रक्तात सोडल्यास मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे विकराचे मुख्य काम वाट मोकळी करण्याचे.

६/ सोजीर जी गाठ शोधत होते, ती दिसेपर्यंत विकराचे हे काम उरकलेले असे. याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

७/ जंतू येर्सँने १८९४ मध्येच हाँगकाँगला ओळखला होता. उंदरावरील पिसवेचा दुवा सिमोंने दाखवला १८९८ मध्ये, कराचीत. तोवर कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. ते अज्ञान रँडचा दोष नव्हे. उंबरठ्याआत झालेली विटंबना मात्र तेव्हाही दोषच होती, आणि पुणेकरांनी ती तेव्हाच ओळखली होती.