जमिनीखालचा नंदी आणि व्यंकोजीराजांचं दान



आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीनं करतो. शहाजीराजांच्या बेंगळुरूवर बोलताना मी एक वाक्य सहज बोलून गेलो होतो. मल्लेश्वरममधलं काडु मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलं आणि त्याच्यासमोरचं जमिनीखालचं नंदीतीर्थही आपल्या मराठ्यांचंच, असं ते वाक्य. बोललो, रेकॉर्ड झालं, तुमच्यापर्यंत पोचलं. दोन दिवसांनी आमचे शेजारी जिन्यात भेटले. ते कन्नड, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पत्नी सोलापूरच्या, त्यामुळे मराठी चांगलं समजतं. म्हणाले, "कर्नलसाहेब, फौजेत असताना जागा न बघता रिपोर्ट पाठवला असतात का हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळी नोकरी मी इंजिनिअर्समध्ये केली. पूल टाकायचा तर आधी नदी बघायची, पात्र मोजायचं, काठ चाचपायचे आणि मग तोंड उघडायचं, हे आम्ही जवानांना शिकवायचो. आणि ज्या शहरात निवृत्तीनंतर घर केलं, तिथल्या देवळाबद्दल मी ऐकीव माहितीवर बोललो होतो. तेव्हा ठरवलं, एक दिवस काढायचा, जायचं, बघायचं आणि चूक असेल तर तुमच्यासमोर मान्य करायची.

बरोबर नातीला घेतलं. ती नववीत आहे, जन्म इथलाच. मला कन्नड मोडकंतोडकं बोलता येतं, वाचता येत नाही. तिला अस्खलित येतं. म्हणजे या मोहिमेत कमांड माझी असली तरी नकाशा तिच्या हातात होता. इंदिरानगरहून सकाळची मेट्रो पकडली, मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि संपिगे रोडला उतरलो. तिथून टेंपल स्ट्रीटपर्यंत चालत.

टेंपल स्ट्रीटला एका बाजूला काडु मल्लेश्वर, जवळच गंगम्माचं देऊळ, आणि समोर नंदीतीर्थ. पूर्ण नाव दक्षिणमुख नंदीतीर्थ कल्याणी क्षेत्र. 'कल्याणी' म्हणजे आपण जिला पुष्करणी किंवा पायऱ्यांचं कुंड म्हणतो ती. रस्त्यावरून पाहिलं तर फार काही दिसत नाही. आत शिरून पायऱ्या उतरायला लागलो की रस्त्याचा आवाज मागे पडतो. मध्ये चौकोनी कुंड, भोवती दगडी खांबांची ओवरी. वरच्या अंगाला काळ्या दगडाचा नंदी, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. आपल्याकडे नंदी महादेवाकडे बघत समोर बसतो. इथे नंदी वर आहे आणि पिंडी त्याच्या खाली. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार पडते ती थेट पिंडीवर, आणि तिथून पाणी कुंडात उतरतं. कुंडात कासवं आहेत. नातीचा बराच वेळ कासवांत गेला, माझा त्या धारेत.

आता हे सगळं १९९७ सालापर्यंत कुणाला दिसत नव्हतं. इथे नुसती सपाट मोकळी जागा होती. शहरात मोकळ्या जागेचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जागेचा व्यवहार होणार अशी कुणकुण लागली तेव्हा आसपासचे लोक आडवे आले. आधी खणून बघा, मग काय ते करा, असा त्यांचा आग्रह. खोदाई झाली, मातीखालून खांब निघाले, पायऱ्या निघाल्या, नंदी निघाला, आणि धार चालूच होती. या शोधाचं श्रेय कुणा संशोधकापेक्षा गल्लीतल्या लोकांचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली गोष्ट त्यांनी सोडली नाही.

पण अशी जागा सापडली की तिच्याभोवती गोष्टीही उगवतात. माझ्या फोनवर एक मेसेज वर्षातून चार वेळा तरी येतो. हे देऊळ ७००० वर्षांपूर्वीचं आहे आणि पाणी कुठून येतं हे विज्ञानालाही कळलेलं नाही, असं त्यात असतं. मंडळी, ७००० वर्षांपूर्वी या पठारावरची माणसं दगडाचीच हत्यारं वापरत होती. इथला दगड ग्रॅनाइट आणि नाईस जातीचा, अत्यंत कठीण. असे खांब घडवायला पोलादाची छिन्नी लागते. या देवळाचं वय साधारण ४०० वर्षं धरतात, आणि ४०० वर्षं काही कमी नाहीत. त्याला आणखी ६६०० वर्षं चिकटवून देवाचा मान वाढत नाही, आपला मात्र कमी होतो.

पाण्याचं म्हणाल तर ते माझ्या धंद्यातलं काम. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, उंचवट्यांवर वसलं आहे. मोठी नदी नाही. वर मुरमाड माती, खाली अखंड कातळ. पाऊस मातीत मुरतो, कातळाला अडतो आणि उताराच्या दिशेनं आडवा झिरपत जातो. जिथे उतार कापला जातो तिथे तो बाहेर येतो. आपल्या सह्याद्रीतली निम्मी टाकी आणि झरे याच हिशेबावर चालतात. जुन्या कारागिरांनी अशी झिरप हेरायची, तिला दगडी पन्हळ करून द्यायची आणि तोंडाशी नंदी किंवा गोमुख बसवायचं, ही पद्धत देशभर आहे. काहीजण म्हणतात, हे पाणी जवळच्या सँकी तलावातून येतं. तो तलाव १८८२ साली कर्नल रिचर्ड सँकी या इंजिनिअर अधिकाऱ्यानं बांधला. कुंड सतराव्या शतकातलं असेल तर तलाव होण्याआधी २०० वर्षं नंदी काय कोरडा बसला होता? लोक वृषभावती नदीचा उगमही इथेच मानतात. बसवनगुडीच्या मोठ्या नंदीजवळचा उगम मानणारेही आहेत. दोन्ही ठिकाणी नंदी आहे हे लक्षात घ्या. वृषभावती हे नावच त्यावरून आलं. ही नदी पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला.

नंदीतीर्थ पाहून वर आलो आणि समोर काडु मल्लेश्वरात गेलो. 'काडु' म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर. आज भोवती फुलबाजार आणि रिक्षा आहेत, पण नाव रानाचंच राहिलं. आवारात झाडांखाली नागांचे कितीतरी दगड मांडलेले आहेत. नातीनं कन्नड पाट्या वाचून दाखवल्या. बेंगळुरूकर व्यंकोजीराजांना एकोजी म्हणतात. ते नाव तिनं वाचलं आणि विचारलं, "आबा, हे शिवाजी महाराजांचे कोण?"

सावत्र भाऊ, म्हटलं. पण एवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं आणि तुमचंही होऊ नये. म्हणून थोडक्यात उजळणी करतो.

१६३८ च्या सुमारास विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे कर्नाटकात उतरले. बेंगळुरू तेव्हा तिसऱ्या केंपेगौडाकडे होतं. ते पडलं, केंपेगौडा मागडीकडे गेला आणि बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं या शहरावर भोसल्यांचा अंमल राहिला. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचं 'राधामाधवविलासचंपू' आपल्याला ठाऊक आहे, ते इतिहासाचार्य राजवाड्यांनी शोधून छापलं म्हणून. त्यात संस्कृतबरोबर कितीतरी भाषांतली कवनं आहेत. म्हणजे बेंगळुरूचा तो दरबार तेव्हाही बहुभाषी होता.

जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून होदिगेरे इथे गेले. दक्षिणेची जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं आणि तिथे मराठी गादी उभी राहिली. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे भेटले, बिघडलं, आणि शेवटी तडजोड झाली. त्या तडजोडीत व्यंकोजीराजांची पत्नी दीपाबाई यांना बेंगळुरूकडचा मुलूख चोळीबांगडीसाठी दिला, असं बखरीत येतं. आज जिथे जागेचे भाव ऐकून घेरी येते, तो मुलूख चोळीबांगडीत! १६८७ मध्ये कासिमखानाच्या मोगली फौजेनं बेंगळुरू घेतलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. ३ लाख रुपयांचा सौदा झाला. भोसल्यांचं बेंगळुरू तिथे संपलं.

आता माझी चूक. मल्लेश्वरमचा जो शिलालेख आहे तो १६६९ सालचा. बी. एल. राइस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या बेंगळुरू जिल्ह्यावरच्या खंडात तो छापलेला आहे आणि आज कुणालाही घरबसल्या वाचता येतो. घरी आल्यावर नातीनं आणि मी मिळून तो वाचला. कन्नड मजकूर तिनं, इंग्रजी भाषांतर मी. त्यात आहे ते एवढंच: एकोजींनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव दिलं.

दिलं. बांधलं नाही. नीट बघा, दान 'मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला' आहे. म्हणजे देव आधीपासून होता, आणि देवाच्या नावाचं गाव होतं. मल्लापूर हेच आजचं मल्लेश्वरम. गाव दिलं याचा अर्थ त्या गावाचं उत्पन्न देवाच्या दिवाबत्तीला, नैवेद्याला, पुजाऱ्याच्या पोटाला लावून दिलं. आपल्याकडे देवस्थान इनाम म्हणतो, तोच प्रकार. समोरच्या नंदीतीर्थाबद्दल तर त्या लेखातून काहीच सांगता येत नाही. मी मात्र देऊळ, कुंड, नंदी, सगळं एका दमात आपल्या नावावर चढवून मोकळा झालो होतो. फौजेत याला दुसऱ्याच्या कंपनीनं घेतलेली टेकडी आपल्या रिपोर्टात दाखवणं म्हणतात. त्यावर काय होतं ते इथे सांगत नाही.

खरं सांगतो, लेख वाचल्यावर पहिल्यांदा थोडं हिरमुसायला झालं. 'आपण बांधलं' म्हणताना छाती जशी फुगते तशी 'आपण दिलं' म्हणताना फुगत नाही. पण रात्री विचार करत बसलो तेव्हा वाटलं, यात कमीपणा कसला? विजापूरच्या चाकरीतला एक मराठी सरदार परमुलखात आलेला. मनात आणलं असतं तर आपलं नवं देऊळ उभारून मोठी पाटी लावता आली असती. त्यानं काय केलं, तर लोकांचा जो देव रानात होता त्याला गाव लावून दिलं, आणि तेही लोकांच्या भाषेत, कन्नडमध्ये कोरून, म्हणजे उद्या कुणी तंटा केला तर गावकऱ्यांना ते वाचता यावं. राज्य पन्नास वर्षांत गेलं. ती ओळ साडेतीनशे वर्षं राहिली, आणि माझ्या नातीला ती वाचता आली. मला आली नाही, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे गेलो. म्हटलं, "सर, रेकी केली. रिपोर्ट चुकीचा होता." ते हसले, कॉफी मागवली आणि म्हणाले, "आम्हीही मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं की एकोजीनं देऊळ बांधलं. पुस्तकातलं वाचून. मीही दगड कुठे पाहिला होता?" म्हणजे मला टोकणाऱ्यानंही ती टेहळणी केलेली नव्हती! मग दोघांनी ठरवलं, पुढच्या महिन्यात गविपुरमच्या गवी गंगाधरेश्वराला एकत्र जायचं. तेही जमिनीच्या पोटातलंच देऊळ, पण तिथे माणूस नैसर्गिक गुहेत देव घेऊन शिरला. मल्लेश्वरमला मातीच देवावर चढली. मकर संक्रांतीला तिथे सूर्याचे किरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर जातात. तेव्हा जाऊ, डोळ्यांनी बघू, आणि मगच बोलू.

तुम्ही बेंगळुरूत असाल किंवा येणार असाल तर नंदीतीर्थाला जरूर जा. सकाळी लवकर जा, दुपारी दार बंद असतं. पायऱ्या ओल्या असतात, जपून उतरा. आणि तुमच्या गावातही 'अमक्यानं बांधलं' असं सांगितलं जाणारं एखादं देऊळ असेल. तिथे दगड असेल तर तो एकदा वाचा, वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बरोबर न्या. दगड काय सांगतो आणि आपण काय सांगतो, ताडून पाहा.

पुढच्या भागात होदिगेरे, शहाजीराजांची समाधी. या वेळी आधी जाऊन येतो.

जय हिंद.