बांबू आणि रिंगिट

बाबा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये बांबू यार्डात होते. शर्टाला ओल्या बांबूचा वास यायचा, धुतला तरी जायचा नाही. १९४५ मध्ये थापरांनी सुरू केलेली ही कंपनी. बांबू गडचिरोलीच्या जंगलातला, हिशेब रुपयाचा.

२००७ मध्ये कंपनीने मलेशियातली सबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज घेतली आणि वर्धेकाठी रिंगिट हा तिकडच्या चलनाचा शब्द आला. २०१४ च्या मध्यात एका रिंगिटचे पावणेएकोणीस रुपये होत; २०१५ संपताना साडेपंधराच्या आसपास. म्हणजे तिकडे लगदा तेवढाच निघाला, रिंगिट तेवढेच आले, तरी इकडच्या ताळेबंदात रक्कम सहाव्या हिश्श्याने कमी. रिंगिट डॉलरपुढेही घसरलेला; त्यात कर्ज डॉलरचं असलं, की फेडायला रिंगिट जास्त मोजा. बाबांना मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले.