अवजड मालवाहतूक : नोंदणी, परवाने आणि चालकाची विश्रांती

अवजड मालवाहतुकीवर भारतात एकाच कायद्याचा अंमल नाही. वाहन, चालक, वाहतूकदार आणि कामाचे तास यांचे नियम वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून जाणारा जालना रोड चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींकडे जातो. दुसऱ्या अंगाला वाळूज आहे. येथील ‘एमएच-20’ क्रमांकाच्या गाड्यांचे पासिंग, परमिट आणि चालकांचे परवाने प्रादेशिक परिवहन कार्यालय पाहते. चालक किती तास राबला हा प्रश्न मात्र कामगार खात्याचा.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार मालवाहू गाडीला परमिट आणि योग्यता प्रमाणपत्र लागते. अवजड वाहनाच्या चालकाचे वय किमान 20 वर्षे असावे लागते आणि त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना त्याच्याकडे असावा लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्रही आवश्यक असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर हा परवाना पाच वर्षे चालतो; धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी मुदत तीन वर्षे आहे.

वाहतूकदाराची नोंदणी रस्तामार्गे मालवाहतूक कायदा, 2007 खाली होते. 1865 च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू झाला. बिल्टीवर माल गोळा करून पोहोचवणाऱ्या व्यावसायिकाला दहा वर्षांसाठी नोंदणी प्रमाणपत्र मिळते. कायद्याचा भर मालाच्या नुकसानभरपाईवर आहे. मालाची जबाबदारी त्यात तपशिलाने येते, माल नेणाऱ्या माणसाच्या झोपेची येत नाही. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय अवजड वाहन मानांकन योजनेत थकवा-व्यवस्थापन हा स्वतंत्र विभाग आहे. विश्रांतीची चोख व्यवस्था दाखवणाऱ्या मालकाला तासांत लवचीकता मिळते. भारतीय नोंदणीत तसा दुवा नाही.

कामाचे तास मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 ने ठरवले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने तेच चालकांना लागू केले. दिवसाला आठ व आठवड्याला 48 तास ही मर्यादा. लांब पल्ल्यासाठी दहा आणि 54. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांत किमान नऊ तासांचे अंतर. कागदावर ही तरतूद युरोपच्या तुलनेत फार सैल नव्हती. अडचण ‘कामाचे तास’ याच्या व्याख्येत होती. मुक्कामी नुसते थांबणे पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते कामाच्या तासांत धरले जाईल, असे हा कायदा सांगत होता. त्याहून लांब थांब्याचा व्याख्येत उल्लेख नव्हता. कारखान्याच्या गेटबाहेर गाडी खाली होण्याची वाट पाहत रात्र काढणाऱ्या चालकाच्या हिशेबात ती रात्र कुठे बसते, हे त्यामुळे स्पष्ट होत नव्हते. शिवाय कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. एक-दोन ट्रकांचे मालक त्याच्या बाहेर राहिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली. तिच्यात कामगारसंख्येची अट दहा आहे, म्हणजे छोटा मालक आणखी दूर गेला.

पूर्वी राष्ट्रीय परमिटच्या गाडीत दोन चालक आणि राखीव चालकाला आडवे होता येईल असे आसन सक्तीचे होते. दोन चालकांची अट 2018 मध्ये काढली. त्याच वेळी फास्टॅग आणि गाडीचा माग ठेवणारे यंत्र आले. धंद्याचा खर्च वाचला, पण थकव्यावरचा सर्वांत साधा उपाय गेला. यंत्रातून गाडी कुठे आहे हे मालकाला कळते. चालकाच्या विश्रांतीची कायदेशीर नोंद म्हणून ते वापरण्याची सक्ती नाही. युरोपात त्यासाठी टॅकोग्राफ असतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून जाणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने हा प्रश्न अधिक ठळक केला. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. चौक नाहीत, सिग्नल नाहीत. एकसुरी सरळ रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका वाढतो. अशा रस्त्यावर पार्किंग, शौचालय आणि झोपायची जागा ठराविक अंतरावर नसेल, तर विश्रांतीचा नियम पाळू इच्छिणाऱ्या चालकालाही तो पाळता येत नाही.

शिक्षेच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायद्याचे कलम 186 गाडी चालवण्यास धोकादायक ठरणारा आजार किंवा व्यंग माहीत असूनही चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. थकव्याचा तिथे नावानिशी उल्लेख नाही. मालवाहू ट्रकच्या केबिनबाबत मात्र अलीकडे एक ठोस पाऊल पडले : 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे.