३२० मैल, चार घोडे, दोन साक्षीदार

हल्ली इन्स्टाग्रामवर 'अ‍ॅडव्हेंचर इलोपमेंट' नावाचा प्रकार सारखा समोर येतो. दोघंच जण, एखादा डोंगरकडा, ट्रेकिंगच्या बुटांवर पांढरा गाऊन आणि सोबत फोटोग्राफर. जेवणावळ नाही, मानपान नाही. तयारी मात्र महिनोन्महिने चालते: पाऊस आला तर काय, चढायला किती वेळ, परवानगी कुणाची. मला गंमत वाटते ती शब्दाची. इलोप करणं म्हणजे पळून जाणं, आणि इथे मागे कुणीच लागलेलं नसतं.

ज्यांच्या मागे खरोखर कुणी लागलेलं असायचं, त्यांनाही तयारी करावी लागायची. त्यांच्या वाटांपैकी सगळ्यांत गाजलेली वाट लंडनहून उत्तरेला, स्कॉटलंडच्या वेशीवरच्या ग्रेटना ग्रीन नावाच्या खेड्याला जायची.

ही वाट एका कायद्याने तयार केली. १७५३ साली ब्रिटिश संसदेने गुपचूप होणारी लग्नं थांबवण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांचा कायदा मंजूर केला आणि २५ मार्च १७५४ पासून तो लागू झाला. तोवर लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे फेकले की लग्न लावून देणारे पाद्री मिळत. आता लग्न चर्चमध्येच करायचं. एकतर तीन रविवार सगळ्यांसमोर नावं वाचली जाणार, आणि मुलगी किंवा मुलगा २१ वर्षांखालचा असेल तर बापाने उठून 'नाही' म्हटलं की संपलं. नाहीतर परवाना काढायचा, आणि २१ वर्षांखाली असाल तर त्यालाही घरच्यांची संमती हवी. एकाच वाराच्या दोन धारा म्हणा ना.

पण हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे मुलगा १४ चा आणि मुलगी १२ ची असली, आणि दोघांनी साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' असं म्हटलं, की लग्न झालं. चर्च नको, पाद्री नको, बापही नको. इंग्लंडमधून सार्क नदी ओलांडली की पहिलं गाव ग्रेटना. गावाचं नशीब हे एवढंच.

लंडनपासून अंतर सुमारे ३२० मैल. न थांबता हाकलं तरी दोन-तीन दिवस लागणार. त्यामुळे सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती फिरायचं: आपण निघालो हे घरात कळेपर्यंत किती तास मिळतात? म्हणून निघायचं रात्री. मोलकरीण सामील असेल तर बरं, कारण सकाळी 'ताईसाहेब अजून झोपल्यात' असं सांगायला कुणीतरी लागतं. सामान जवळजवळ नाहीच. पैसे मात्र रोख आणि भरपूर. पोस्ट-शेझ नावाची बंद घोडागाडी भाड्याने मिळे. तिला गाडीवान नसे. पोस्टबॉय घोड्यावरच बसून ती हाकायचे. दहा-पंधरा मैलांवर सराय आली की घोडे बदलायचे आणि पुढच्या टप्प्याचे पैसे मोजायचे. दोनऐवजी चार घोडे लावले तर वेग वाढतो आणि खर्चही. हुशार जोडपी सरायीतले उरलेले ताजे घोडेसुद्धा भाड्याने घेऊन टाकत, म्हणजे मागून येणाऱ्या बापाला थकलेल्या घोड्यांवरच यावं लागे.

एक वाट उत्तर इंग्लंडमधल्या स्टेनमूरच्या उघड्याबोडक्या माळावरून जायची. तिथे ना झाड ना आडोसा, आणि हिवाळ्यात बर्फ. आजच्या जोडप्यांना फोटोसाठी असाच माळ हवा असतो. तेव्हाची जोडपी गाडीचे पडदे ओढून घेत असावीत.

कार्लाइल आलं की शेवटचे दहा मैल. गावात लग्न लावून देणाऱ्यांना 'लोहार' म्हणत, ऐरणीवर हातोडा पडला की लग्न झालं, अशी दंतकथाच झाली. प्रत्यक्षात यातले बरेच जण लोहार नव्हतेच. दर ठरलेला नसे. कपडे बघून आणि पोस्टबॉयकडे चौकशी करून आकडा सांगितला जाई. घाई असलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाप वेशीवर आलाच, तर नवदांपत्याला घाईघाईने सरायीतल्या पलंगावर पांघरुणात झोपवायचे, म्हणजे आता काही उपयोग नाही हे त्याला दारातूनच कळावं.

१७८२ च्या मे महिन्यात वेस्टमोरलँडचे दहावे अर्ल या वाटेने निघाले. सोबत सारा अ‍ॅन चाइल्ड, लंडनचे बँकर रॉबर्ट चाइल्ड यांची एकुलती एक मुलगी. बाप मागे होता. तो अगदी जवळ आला तेव्हा अर्लसाहेबांनी त्याच्या गाडीचा घोडा गोळी घालून पाडला, असं सांगतात. लग्न झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये चाइल्ड वारले, पण मृत्युपत्र आधी बदलून ठेवलं होतं. जावयाच्या थोरल्या मुलाकडे पैसा जाणार नाही अशी त्यात तजवीज होती. शेवटी बँकेतला वाटा आणि ऑस्टर्लीचा वाडा नातीला, सारा सोफियाला मिळाला. बापाचं चाकही असं फिरलं.

इथवर सगळं सिनेमासारखं आहे, आणि ग्रेटनाच्या गोष्टी सहसा इथेच थांबतात. मला त्या तिथे थांबवता येत नाहीत, कारण १८२६ साली हीच तयारी एका वेगळ्या माणसाने केली.

एडवर्ड गिबन वेकफील्ड तेव्हा विधुर होता. त्याचं पहिलं लग्नही एका श्रीमंत मुलीला पळवूनच झालं होतं. आता त्याने चेशायरमधल्या गिरणीमालकाची वारस मुलगी हेरली. एलेन टर्नर, वय १५, लिव्हरपूलच्या शाळेत. मार्चमध्ये शाळेच्या दारात गाडी आली. आई आजारी आहे, लगेच बोलावलंय, असं खोटं पत्र सोबत होतं. वाटेत वेकफील्ड भेटला. वडिलांचा धंदा बुडतोय, माझ्याशी लग्न केलंस तरच ते वाचतील, असं त्याने तिला सांगितलं. ग्रेटनामध्ये डेव्हिड लेंगने लग्न लावलं. साक्षीदार होते, तिने 'हो' म्हटलं होतं. तिथला कायदा एवढंच विचारत होता.

बायकोची चीजवस्तू लग्नासरशी नवऱ्याची होई, म्हणून या 'हो'ला एवढी किंमत होती. काकांनी तिला फ्रान्समधल्या कॅले बंदरातून परत आणलं. १८२७ मध्ये लँकेस्टरला खटला चालला. वेकफील्ड आणि त्याचा भाऊ यांना तीन-तीन वर्षांची कैद झाली, आणि संसदेने कायदा करून लग्न रद्द केलं. एलेनने पुढे दुसरं लग्न केलं आणि १८३१ मध्ये, १९ व्या वर्षी, बाळंतपणात ती गेली. वेकफील्ड सुटला, आणि न्यूझीलंडच्या वसाहतीच्या इतिहासात तो मोठा माणूस म्हणून येतो.

रात्रीची गाडी, बदलते घोडे, रोख पैसे, घाईतला लोहार. साराच्या आणि एलेनच्या प्रवासात बाहेरून फरक दिसत नाही. विचार करायला वेळ मिळू नये यासाठीच ही वाट बनली होती. एकीच्या बाबतीत बापाला वेळ मिळाला नाही, दुसरीच्या बाबतीत खुद्द तिला.

१८५६ मध्ये लॉर्ड ब्रूम यांच्या कायद्याने अट घातली: दोघांपैकी एकाने तरी लग्नाआधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असायला हवं. ग्रेटनाचा धंदा बसला. एलेनला २१ दिवस मिळाले असते, तर आई ठणठणीत आहे हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. पण खऱ्या प्रेमाने आलेल्या पोरीला तेच २१ दिवस खोलीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक चाकाचा आवाज ऐकावा लागला असता.

आता ग्रेटनामध्ये दरवर्षी हजारो लग्नं लागतात, आणि स्कॉटलंडमध्ये लग्नाची नोटीस निदान २९ दिवस आधी द्यावी लागते. डोंगरकड्यावरच्या पांढऱ्या गाऊनवालीलाही. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस आहेत, आणि त्या काळात नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावायची, अशी तरतूद आहे. नोटिशीवर दोघांची नावं असतात, वय असतं, पत्ता असतो. ती वाचायला कुणीही येऊ शकतं, आणि त्यासाठी त्याला चार घोडे लागत नाहीत.