मागच्या सीटवरचं डोकं

आज गोष्ट हेल्मेटची. पोलिसांना दंड घेता यावा म्हणून ही टोपी निघाली, असं आपल्याकडं चेष्टेनं म्हणतात. खरं तर ती रस्त्यावर आली एका डॉक्टरच्या बेचैनीतून.

१९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा नामांकित सैनिक मोटारसायकलवरून चालला होता. पुढं सायकलवर दोन मुलं आली. त्यांना चुकवताना तो उडून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून जाईना. पुढं महायुद्ध लागलं. पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरची २,२७९ माणसं गेली, चालवणारी आणि मागं बसलेलीही. हेल्मेट घातलेले जखमी केर्न्सना सातच सापडले. सातही जगले! १९४१ साली त्यांनी हे छापलं आणि त्याच वर्षी लष्करानं मोटारसायकलवरच्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य माणसासाठी तिथंही १९७३ उजाडलं.

पडल्यावर डोकं रस्त्याला थांबतं, आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीवर आदळतो. हेल्मेटमधला थर्माकोलचा थर दबतो आणि बराचसा मार स्वतः खातो. पट्टा लावला नाही तर हेल्मेट आधी उडतं, डोकं मग आपटतं.

आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा हेल्मेटच्या बाबतीत पुढचा-मागचा असा भेद करत नाही. १९८९ च्या नियमांत तर मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकायला सांगितलंय. तोच आपला साडीगार्ड. म्हणजे सरकारला आपला पदर दिसला होता! डोकं दिसायला वेळ लागला. राजधानी दिल्लीत बायकांना हेल्मेटची सक्ती झाली ती २०१४ मध्ये.

आणि घरात? हेल्मेट एकच, तेही आरशाला लटकलेलं. बाई एका अंगाला बसलेली, मांडीवर लेकरू, हातात पिशवी. धरायला हात मोकळा नाही. गतिरोधकावर आधी उडते ती. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ही अडचण खरीच. अंबाडा मानेशी खाली घेतला की बसतं.

२०१९ च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट लागू झालं. तालुक्याच्या दुकानात लहान माप मागून घ्या, आणि आयएसआयचा शिक्का बघूनच पैसे द्या.