नवी तबकडी आणि जुने यंत्र

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात भेस्तानचे स्थानक येते. उधन्याहूनच एक फाटा पूर्वेस खानदेशात, जळगावाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार या मुलुखांतील असंख्य कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत सुरतेच्या यंत्रमागांवर पोटापाण्यासाठी आली. मराठी इतिहासात सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण प्रथम निघते; परंतु सामान्य मराठी माणसाचे या नगरीशी जडलेले दीर्घ नाते श्रमाचे आहे. त्याची बखर कोणत्याही एका दप्तरात सापडावयाची नाही. ती घराघरांतील छायाचित्रांत, कॅसेटींत आणि तबकड्यांत विखुरलेली आहे.

अशाच एका घरातील गृहस्थ कापडात गुंडाळलेला डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यांचे वडील भेस्तानच्या वस्तीतील लहानशा विठ्ठलमंदिरात हरिनाम सप्ताहाच्या वेळी कीर्तन करीत. बऱ्याच वर्षांपूर्वी मेहुण्यांनी आखातातून हे यंत्र आणले, आणि सप्ताहातील तीन रात्रींचे कीर्तन कॅमेऱ्यावरून त्यात उतरविण्यात आले. पुढे वडील वारले. कीर्तन यंत्राच्या पोटातील हार्ड डिस्कवर राहिले. यंत्र दूरदर्शनसंचास जोडले की आबा उभे राहत, वीणा गळ्यात, टाळकरी मागे. मात्र ते तबकडीवर उतरवू गेले की यंत्र बाजारातून आणलेली कोरी तबकडी आत घेई, थोडा वेळ घरघरे आणि परत बाहेर टाकी. दुकानदाराने तीनदा तबकडी बदलून दिली, फळ एकच.

“वकीलसाहेब, आबा याच्यात आहेत, पण बाहेर निघत नाहीत,” गृहस्थ म्हणाले. दुकानदारावर दावा लावता येईल काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

दावा लावण्यापूर्वी दोष कोणाचा हे ठरवावे लागते, आणि येथे दोषाचा शोध घेता घेता एका लहानशा इतिहासात शिरावे लागले. घरगुती ध्वनिचित्रमुद्रणाचे व्हीएचएस हे तंत्र १९७६ साली जपानात बाजारात आले. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि त्यामागोमाग व्हीसीआर घरोघर जाऊ लागला. १९९७ साली पायोनियर या जपानी कंपनीने एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर तबकडी आणली. १९९९ च्या अखेरीस तिनेच जपानात घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर विक्रीस काढला. अल्पावधीत उत्पादकांचे दोन तट पडले. एकाची तबकडी ‘वजा’ चिन्हाची, दुसऱ्याची ‘अधिक’ चिन्हाची. दोहोंत साधारण ४.७ गिगाबाइट इतकीच सामग्री मावे, तरी एका तटाचे यंत्र दुसऱ्याच्या तबकडीवर लिहिण्यास नकार देई. पुढे दोन्ही स्वीकारणारी यंत्रे निघाली. परंतु तोवर दुसराच तंटा उभा राहिला होता, आणि तो चिन्हांचा नसून वेगाचा होता.

कोरी तबकडी दिसते तशी कोरी नसते. तिच्या पोटात रंजकद्रव्याचा एक सूक्ष्म थर असतो, आणि आतून बाहेर फिरत जाणारी एक सर्पिल चर आधीच कोरलेली असते. त्या चरीच्या आधाराने निर्मात्याची खूण, तबकडीची जात आणि तिचा वेग हे सारे कारखान्यातच नोंदलेले असते. यंत्र प्रथम ही नोंद वाचते, आपल्या स्मृतीतील कोष्टक पाहते आणि त्यानुसार लेसर किरणाची तीव्रता व स्पंदने ठरविते. किरण जेथे पडतो तेथे रंजकद्रव्य तापून बदलते, तेच लेखन. किरण कमी पडला तर अक्षर उमटत नाही, अधिक पडला तर ते फुटते. जी तबकडी यंत्राच्या कोष्टकात नाही तिच्याविषयी यंत्रास दोनच मार्ग उरतात : अंदाजाने लिहावे आणि ते बिघडू द्यावे, अथवा नाकारावे.

एकपट वेगाने संपूर्ण तबकडी भरण्यास सुमारे सत्तावन्न मिनिटे लागत. संगणकावर प्रती काढणाऱ्यांना एवढा धीर नव्हता. म्हणून वेग दुप्पट झाला, चौपट झाला आणि काही वर्षांतच सोळापटीपर्यंत गेला. प्रत्येक वेगासाठी रंजकद्रव्य बदलले, किरणाची रीत बदलली. २००२ च्या अखेरीस पायोनियरने स्वतःच इशारा दिला की, चौपट वेगाच्या नव्या डीव्हीडी-आर तबकड्या काही जुन्या यंत्रांत घातल्यास यंत्र अडकेल व त्यास इजाही पोहोचेल. यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीत सुधारणा करून त्यावर उपाय करण्यात आला. ॲपल कंपनीनेही आपल्या संगणकांसाठी तशी सुधारणा काढली. संगणकास अशी सुधारणा देणे सोपे होते. घरातील कपाटावर बसलेल्या रेकॉर्डरला ती कोण देणार? बाजारात मात्र हळूहळू वेगवान तबकड्याच उरल्या. दोन तासांचे कीर्तन दोन तासांत टिपणाऱ्या यंत्राला सोळापट वेगाचा काय उपयोग? तरीही ज्या घाईशी त्याचा संबंध नव्हता, त्या घाईचा दंड त्यालाच भरावा लागला.

हे सारे सांगितल्यावर ते गृहस्थ, जे स्वतः आयुष्यभर मागावर उभे राहिले होते, चटकन म्हणाले, “म्हणजे कांडीसारखे झाले. आमच्या धोट्याच्या मागाला कांडी लागते. पाण्याच्या झोताचा माग आला, त्याला कांडी लागतच नाही. उद्या कांडी भरणारा उठून गेला की चांगला चालता मागसुद्धा भंगारात.” इतका नेमका युक्तिवाद प्रस्तुत लेखकाने न्यायालयातही क्वचित ऐकला आहे. माग निर्दोष, सूत निर्दोष. तुटला तो दोहोंमधला दुवा. दावा लावण्याचे कारण उरले नाही.

परंतु प्रश्न एका घरापुरता नाही. आपल्या पूर्वजांनी दाने ताम्रपटावर कोरविली ती चंद्रसूर्य असेतो टिकावीत म्हणून. ताम्रपट वाचण्यास यंत्र लागत नाही. डोळा आणि लिपीचे ज्ञान पुरे. ते ज्ञानही लोपले तर काय होते, हे मोडीने आपणांस शिकविले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल भरलेले आहेत, पण ते सहज वाचणारे विरळ. गोमंतकात मराठी-कोंकणी लेखनास वापरली गेलेली गोयकानडी लिपी याहूनही दुर्मिळ झाली. तथापि लिपी पुन्हा शिकता येते. एका चिकाटीच्या विद्यार्थ्याने ती मृत्यूच्या दारातून परत आणता येते. रेकॉर्डर मात्र कोणा विद्यार्थ्याला घरी बसून घडविता येत नाही. व्हीसीआर बनविणारी फुनाई ही शेवटची ज्ञात जपानी कंपनी २०१६ साली त्या धंद्यातून निघाली. आपल्या देशात तबकड्यांचे मोठे उत्पादन करणारी, १९८३ साली स्थापन झालेली मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. कागद वाचणारा गेला तर दुसरा घडविता येतो. यंत्र गेले की त्याच्या पोटातील अक्षर मुके होते.

कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे, जरी निराळ्या रीतीने. योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांच्या जुन्या दस्तऐवजाविषयी न्यायालय तो खरा असल्याचे गृहीत धरू शकते. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी हीच मुदत पाच वर्षांची आहे. कागदाने तीस वर्षांनी जे वय गाठावे ते यंत्रलेखाने पाच वर्षांत! जालना येथील निवडणुकीच्या वादात, उमेदवारीअर्ज मुदतीत आले की नाही हे निवडणूक कचेरीतील चित्रमुद्रणावरून पाहावे लागले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निर्णय दिला की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणून सिद्ध केले नाही तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद कायम आहे. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी हे ध्यानी घ्यावे. पालखीचा मार्ग, पूजेचा मान, उत्सवातील सेवेचा क्रम यांविषयी तंटा उद्भवतो तेव्हा वहिवाट हाच पुरावा असतो; आणि आज ती वहिवाट उत्सवाच्या चित्रमुद्रणांत साठत आहे. मूळ यंत्र मोडीत काढले आणि प्रत कोणी, केव्हा, कशावरून घेतली याची नोंद नसली, तर त्या तबकडीची साक्ष लंगडी पडते.

भेस्तानच्या त्या घरची गोष्ट अशी संपली. एका जुन्या लग्नछायाचित्रकाराच्या कपाटात चौपट वेगाची एकच कोरी तबकडी निघाली. यंत्राने ती निमूटपणे स्वीकारली. पहिल्या रात्रीचे कीर्तन तीवर उतरले, आणि लेखन पुरे झाल्याची मोहोर, ज्यास तांत्रिक भाषेत फायनलाइझ करणे म्हणतात, ती उमटविल्यावर इतर यंत्रांतही ते दिसू लागले. उरलेल्या दोन रात्रींसाठी दुसरी तबकडी नव्हती. मग पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या टोकांच्या तारा यंत्रास जोडून चित्र आणि ध्वनी संगणकात घेण्यात आले. यंत्राला नव्या तबकडीवर लिहिता येत नव्हते. पण बोलता येत होते, आणि त्याचे बोलणे संपण्यापूर्वी ऐकून घेणे एवढेच हाती होते.

या मार्गात घाई चालत नाही. जेवढा वेळ कीर्तन, तेवढाच वेळ प्रत. त्या दोन संध्याकाळी घरातील सर्व मंडळी यंत्रासमोर बसली. ज्या नातवाने आजोबांना पाहिलेच नव्हते तो दुसऱ्या रात्री टाळ घेऊन बसला. प्रतीवर तारीख, यंत्राची ओळख आणि प्रत काढणाऱ्याची सही घेतली; तिची एक प्रत मंदिराच्या वहीबरोबर ठेविली. काम झाले तेव्हा थोरल्या सुनेने विचारले, आता हा डबा द्यायचा का भंगारात? गृहस्थांनी मान हलविली, रेकॉर्डर पुन्हा त्याच कापडात गुंडाळला आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेविला.